राजकन्या घरी येते

धारूरला औषधांचं दुकान चालवणारे सर्जेराव एका जादूच्या राज्याची कादंबरीमाला लिहीत. त्यातली राजकन्या त्यांनी आपल्या लेकीवरनं, रोहिणीवरनंच बेतली होती. रोहिणीनं परजातीतल्या प्रवीणशी लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. तिसऱ्या भागात राजकन्याही परक्या मुलखातल्या तरुणाशी लग्न करून राज्य सोडून गेली.

चौथा भाग प्रकाशकानं नाकारला. तो सर्जेरावांनी बीडला स्वतःच छापून घेतला. पहिली प्रत बायकोच्या हातात देत ते म्हणाले, "ही रोहिणीला लातूरला पाठव. राजानं पोरीला माफ केलंय. ती घरी येती, असा शेवट हाय."

सिंधुबाईंचे डोळे भरून आले. "मग सरळ फोनच करा की."

"न्हाई. वाचलं की तीच करील."

आठवड्यानं खरंच रोहिणीचा फोन आला.

"लई छान लिहिलंय, अप्पा."

"मग कवा येतीस?"



"राजकन्या एकटीच घरी येती, अप्पा. तिच्या नवऱ्याला लढाईत मारलं कावून?"

सर्जेरावांनी समोरची प्रत उलटी करून ठेवली.

"आमी दोघं यायची तयारी केलती. रोज जेवण झालं की प्रवीणच मला तुमचं पुस्तक वाचून दाखवायचा. काल तो त्या पानावर आला. पुस्तक माझ्या हातात दिलं अन् म्हणाला, पुढचं तू वाच."