तीन खुंट्या

“हा सरळ रस्ता तुमच्या गावाशीच का वळला, आजी?” ग्रामपंचायतीत नकाशा पसरून इंजिनीअर बाईंनी विचारलं.

“नदीला विचारता का कधी, का वळलीस म्हणून?” मी ठणकावलं. सगळे हसले.

हा राज्यमार्ग आखला तेव्हा माझ्या पेरूच्या बागेत लाल खुंट्या ठोकल्या होत्या. मोजणीवाल्यांना मी ओट्यावर जेवायला बसवलं, दही आणते म्हणून निघाले आणि तीन खुंट्या उपटून धाकट्या जावेच्या रानात ठोकल्या. तिची भरली विहीर रस्त्याखाली गेली. पुढं रस्त्याचा नंबर दोनदा बदलला. दर वेळी नवी पाटी लागली की मला ती विहीर दिसायची.

आता तिसऱ्यांदा नंबर बदलणार, वळण काढून रस्ता सरळ करणार, म्हणजे माझी बाग जाणार. पोरांनी हरकतीचा अर्ज लिहून आणला होता. सह्या करायला गाव जमलं, त्यात माझी जाऊ हौसाही आली.

“माझी विहीर गेली तेव्हा कुणी आलं नाही. अक्कांची बाग जाऊ द्यायची नाही,” म्हणाली आणि तिनं अंगठ्याला शाई लावली.

मी तिचा हात धरला. “हौसे, त्या खुंट्या मी हलवल्या होत्या.”

“ठाऊक आहे. बांधाआड गवत कापत होते मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्यापुढं बोलायची सोय होती का कधी? सोडा हात, शाई वाळतेय.”

मी सोडला नाही. अर्ज कमरेला खोचला आणि बाईंना म्हटलं, “रस्ता सरळच न्या.”