ढोलीतला पिंगळा

हेमांगी सबनीस अमरावतीत बसून दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी तपासायची. त्या दुपारी मेळघाटातल्या एका झाडाच्या ढोलीत बसलेल्या पिंगळ्याचा फोटो आला. तिथल्याच एका गावातल्या फुलचंद कासदेकरने तो सहज काढला होता. पक्षी ओळखून नोंद फोननेच परस्पर केली होती. नियमाप्रमाणे तिने त्याला फोन लावला.

"पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके होते का?"

"होते, ताई. साधाच पिंगळा आहे तो," फुलचंद घाईने म्हणाला. "आमचं गाव उठवू नका."

फोटोत डोकं बिनठिपक्यांचं होतं. तो दुर्मिळ रानपिंगळाच होता. तिने होकार दिला की पक्ष्याच्या रक्षणासाठी वनखात्याची यंत्रणा आठ दिवसांत आसपासची वस्ती रिकामी करायची, कोणाचं काही ऐकायची नाही. शेजारचं गाव तिच्याच होकाराने उठलं होतं.

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला. तासभर ती तो फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिली. शेवटी तिने नोंद अमान्य केली आणि पुन्हा फोन लावला. फुलचंदच्या बायकोने उचलला.

"त्यांना सांगा, नोंद रद्द झाली. तुमचं गाव राहील."



"ते केव्हाच कुऱ्हाड घेऊन त्या झाडाकडे गेले, ताई," ती म्हणाली. "फोन घरीच ठेवून गेले."