पेट्रोलच्या पाइपावरची गार जागा

गाडी थंड असली की पहिल्याच चावीला गुरगुरायची. एकदा तापून बंद केली, की बनशंकरीच्या भर बाजारात अडून बसायची. तिथले कानडी मेकॅनिक तर "स्वल्प थांबा, थंड होऊ द्या" एवढीच अक्कल पाजळायचे. गल्लीत नव्याकोऱ्या मारुत्या येत होत्या, आणि आजही गाडी तशीच अडल्यावर धाकटा भाऊ रणजीत पार विटला होता. "अक्का, आत्ता कारण सापडलं तर ठीक, नाहीतर संध्याकाळी ही भंगारात!"

संयोगिता कसली ऐकते! वडिलांमागं एवढी एकच तर वस्तू उरलेली. तापून पेट्रोलची वाफ होत असणार, म्हणून तिनं बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर फडकं टाकून तांब्यातलं पाणी ओतलं. गाडी ढिम्म. मग ती कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप चाचपू लागली.

पाइप चटके देत होता. फक्त वरून ओळीनं चार ठिकाणी आणि खालून एका ठिकाणी तो बर्फासारखा गार होता, कुणी मुठीत आवळून धरल्यासारखा. तिची पाचही बोटं तिथं नेमकी बसली.

"अरे, गंमत बघ इथं!"

रणजीत स्टिअरिंगमागून बॉनेटखालच्या फटीतून बघत होता. "सरी, ठीक आहे, मग बघू. आधी पाइपावरचे दोन्ही हात काढ, चावी फिरवतो."

संयोगिताचा दुसरा हात बाहेरच होता. त्यात तांब्या होता.