दुसऱ्या रांगेतली खुर्ची

"काकू, आज भात्याला हात लावायचा नाही," म्हणत मेळाव्याच्या सचिवाने लोहाराच्या बायकोला दुसऱ्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवर बसवलं. "चाळीस वर्षं ओढलात, पुरे झालं. भट्टीला वारा घालायला विजेचा पंखा आणलाय. आज तुम्ही पाहुण्या."

खुर्चीच्या पाठीला 'राखीव' अशी चिठ्ठी लावली होती. ती मागे न टेकता, अगदी काठावर बसली.

समोर चौकात, भर उन्हात भट्टी मांडली होती. धातुकाम करणाऱ्या सगळ्यांचा हा पहिलाच मेळावा. गेले पंधरा दिवस एक साखळी दुकानादुकानांतून फिरली होती आणि प्रत्येकाने तिच्यात आपली एक कडी जोडली होती. शेवटची कडी सगळ्यांत वडीलधाऱ्या हाताने, सगळ्यांच्या देखत सांधायची होती. तो हात तिच्या नवऱ्याचा होता.

हात अजून पक्का होता. डोळे राहिले नव्हते.

तापल्या लोखंडाचा रंग दिसेनासा झाला त्याला दोन वर्षं होत आली. लाल कुठे संपतो, पिवळा कुठे लागतो, सांधा धरणारा पांढरा कधी येतो, ते आता तीच बघायची. रंग आला की ती भाता थांबवायची. भाता थांबला की तो लोखंड बाहेर काढायचा. असं करायचं हे दोघांत कधी ठरलं नव्हतं. त्यावर एक शब्दही झाला नव्हता. बाहेर कुणाला पत्ता नव्हता, आणि लागूनही चालणार नव्हतं. ज्या साखळीला लोंबकळून माणूस विहिरीत उतरतो, ती साखळी रंग न दिसणाऱ्या लोहाराकडून कोण करून घेईल?

कुणीतरी बटण दाबलं. पंखा घूं घूं करू लागला.

"काय दिसतायत हो तुमचे हे! अगदी नवरदेव," शेजारच्या खुर्चीतली तांबटाची बायको म्हणाली.

"नवरदेवाने सकाळी सदऱ्याची बटणं वरखाली लावली होती."

"मग! घाई असतेच नवरदेवाला." तांबटाची बायको खुदखुदली. "तुम्ही तरी जरा हसा. परीक्षा त्यांची आहे, तुमची नाही."

ती हसली. तिचे हात मांडीवर पुढेमागे होत होते, भाता ओढावा तसे. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

कडी भट्टीत होती. त्यांच्या दुकानाच्या खिडकीवर बारा महिने गोणपाट असतं. अंधार असल्याशिवाय लोखंड आपला रंग सांगत नाही. इथे उन्हात काहीच कळत नव्हतं. तिलाही नाही. त्याने सांडशीने कडी एकदा उलटवली. पुन्हा उलटवली. मग मान जराशी पंख्याच्या बाजूला कलती करून उभा राहिला. लोकांना वाटलं, म्हातारा विचारात पडलाय. तो ऐकत होता.

आणि पंखा काही थांबणार नव्हता. त्याला कोण सांगणार?

भट्टीतून एक पांढरी ठिणगी उडाली. चार मुलांनी टाळ्या पिटल्या. तशा ठिणग्या सुटायला लागल्या की लोखंड जळायला फार वेळ लागत नाही. जळलेली कडी हातोड्याखाली चुरा होते, आणि इथे तर सगळे जाणकारच बसले होते. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नसतं.

ती उठली.

"अहो, कुठे निघालात?"

"आले."

दोरीखालून वाकून ती चौकात शिरली.

"ओ काकू! मध्ये येताय तुम्ही!" फोटोवाला ओरडला. "ऊन अडवताय! बाजूला व्हा!"

ती बाजूला झाली नाही. दोन पावलं आणखी पुढे सरकली आणि सूर्याकडे पाठ करून उभी राहिली. तिची सावली भट्टीवर पडली. सावलीत कडीचा रंग दिसला. पांढरा, आणि कडेला ओला ओला चमकणारा.

तिने वाकून पंख्याची वायर हिसका मारून उपटली.

पंखा घरघरत बंद पडला. तेवढ्यात सांडशी भट्टीबाहेर आली, कडी ऐरणीवर टेकली आणि हातोडा पडला. एक, दोन, तीन. कडी फिरवून आणखी दोन.

"मंडळी, वीज गेली!" निवेदक हातातल्या कर्ण्यातून ओरडला. "पण मिस्त्रींचा हात अडला का? याला म्हणतात नजर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कडी निवल्यावर त्याने ती ऐरणीवर धरून वर हलकेच एक ठोका दिला. आवाज खणखणीत आला, कुठे फुटका नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या लोहारांनी माना डोलावल्या.

सचिव धावत आला. "काकू, पाय अडकला का वायरीत? लागलं नाही ना?"

"नाही रे बाबा. जा तू."

नवरा घाम पुसत टाळ्यांकडे तोंड करून उभा होता. ती कुठे उभी आहे हे त्याने वळून पाहिलं नाही.

"उशीर केलास," तो हळूच म्हणाला.

तिच्या हातात अजून ती वायर होती. तिने ती मनगटाभोवती गुंडाळायला घेतली.

"खुर्ची मऊ होती," ती म्हणाली.