दोन साइज लहान

होळी झाली की कल्पेशशेठ जुन्नरच्या दुकानात उरलेले स्वेटर आणि जॅकेटं निम्म्या किमतीत काढतात. लोक पोरांसाठी एक साइज मोठंच नेतात, पुढच्या हिवाळ्याला बसावं म्हणून. शिनोलीच्या लंकाबाईंनी मात्र नवऱ्याचं, दादाभाऊंचं, गेल्या वर्षीचं जॅकेट मापाला पिशवीतून काढलं आणि म्हणाल्या, "शेठ, असंच द्या. पण दोन साइज लहान."

"दादाभाऊ एवढे उतरले, मावशी?"

"दुखणं लई वंगाळ हाय. अंगावर काय ऱ्हायलंच न्हाई."

शेठ शोधता शोधता थांबले. "मग आत्ता घाई नका करू. दिवाळीनंतर या, तेव्हाच्या मापानं बघू. किमतीचं मनात आणू नका, तेव्हाही निम्म्यातच देईन."

लंकाबाईंनी शेठनी काउंटरवर काढलेलं दोन साइज लहान जॅकेट उचललं, बाह्या नीट केल्या, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.

"डाक्टर पावसाळ्याच्या पुढचं बोलतच न्हाईत, शेठ."



पिशवी उचलत लंकाबाई पुढं म्हणाल्या, "पण आज हे घरी नेलं, तर मालकांना वाटंल, आपल्याला अजून एक थंडी काढायचीय."