सतराही स्क्रीनवर

सॉफ्टवेअरच्या सतरा स्क्रीन, आणि सगळीकडे मेनूंचा क्रम एकच हवा, एवढंच डिझायनरबाईंचं काम होतं. पण प्रत्येक स्क्रीनवर दोन मेनूंच्या मध्ये बोटभर रिकामी जागा उरायची, कधी इथे, कधी तिथे.

"ताई, कोडमध्ये तसलं काहीच नाही," प्रोग्रामर म्हणाला.

एका स्क्रीनवरची फट बुजवली की दुसरीवरची रुंदावायची. आठवडाभर डोकेफोड करून बाई मेटाकुटीला आल्या.

"राहायचंच आहे ना? मग शिस्तीत राहा," असं पुटपुटत त्यांनी ती जागा सतराही स्क्रीनवर उजव्या टोकाला नेऊन ठेवली. या वेळी ती मुकाट तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या ऑफिसातून जुन्या कारकुनाचा फोन आला.

"बरं केलंत, मॅडम. त्या रिकाम्या जागेतला तो माणूस आता सगळीकडे उजव्या टोकालाच उभा असतो. आधी शोधावा लागायचा."