टेबलावर ठणठणीत

सर्किट टेबलावर ठणठणीत चालत होतं, पण नवऱ्याच्या छातीला बांधलं की गचके खायला लागे. कंपनीने जुनी कृत्रिम हृदयं चालवणं बंद केल्यापासून गल्लीत घरोघरी अशी सर्किटं बनत होती. विश्वासरावांचं आधीचं आज सकाळीच जळालं होतं, आणि हे नवं हेमांगीने आधीच स्वतःच्या हाताने बनवून ठेवलं होतं.

“पुन्हा अडकलं गं,” विश्वासराव कसेबसे म्हणाले. त्यांचे ओठ निळे पडले होते.

तिने धावत येऊन सर्किट अंगठ्याखाली धरलं. हिरवा दिवा लगेच एका लयीत लुकलुकू लागला. सांधे पक्के होते, बॅटरी भरलेली होती. तिने हात काढला आणि दिवा विझायला लागला.

“तुला घाबरतं की काय ते?”

हेमांगीच्या एकदम लक्षात आलं. टेबलावर दर वेळी तपासताना तिने ते असंच धरलं होतं. एक पिन जोडायचीच राहिली होती, आणि ती कसर तिचा अंगठा भरून काढत होता. आता सोल्डर करायचं तर सर्किट बंद करावं लागणार. तेवढा वेळ हे हृदय तग धरणार नव्हतं; नुसतं दुसरं सर्किट बदलायला मात्र क्षणच पुरे होता.

तिने अंगठा घट्ट टेकवला आणि डाव्या हाताने भावाला फोन लावला. “तुझ्याकडचं जादा सर्किट घेऊन ये. आत्ताच्या आत्ता.” साताऱ्याहून यायला त्याला दुपार होणार होती.

“चालतंय की झकास,” विश्वासराव म्हणाले. “सोड आता, चहा टाक.”

“चहा तुम्हीच टाका,” ती म्हणाली. “मी येते बरोबर.”